चाळीस पॉइंटांचा बोलर

अमीन: डोक्याखाली काय हाय रं हे? टोचतंय.

धनंजय: कॉपरचा पाइप आहे, अमीनभाई. तानाजीच्या कंपनीची व्हॅन ना ही, मागे सगळं एसीचं सामान पडलंय. डोकं माझ्या मांडीवर ठेवा. आणि टॉवेल काढू नका, दाबून धरा.

अमीन: डावा डोळा उघडून बघितला. काय दिसत नाय.

तानाजी: सूज चढलीया. सूज चढल्यावर कुनालाच दिसत न्हाई.

अमीन: तू गाडी चालव. तुला कोणी विचारलं नाय.

धनंजय: सूज म्हणे! स्टम्प उपटून मारलास तू. खुर्चीत बसलेल्या माणसाला. पंचावन्न वर्षांचे आहेत ते.

तानाजी: आन् मी काय पंचविशीतला हाय? अकरा वर्सं बोलिंग टाकतुया ह्यांच्या टीमला. शुक्रवारची सुट्टी, दुनिया झोपती, आन् मी अमेरातच्या ग्राउंडवर उन्हात पळतुया. आज सेमीफायनल. शेवटची ओव्हर, त्यास्नी नऊ रन पायजेत, मी बॉल घेऊन तयार हुबा. आन् ह्यो मॅनेजर बाउंड्रीवरनं बोट करतुया सुफियानकडं. सख्ख्या भाच्याकडं!

अमीन: मॅनेजर मी हाय. बोट कुणाकडं करायचं ते मी ठरवीन.

तानाजी: ठरवलंत की. पाचव्या बॉलला सिक्स. बघितली का? पार वादीच्या कोरड्या पात्रात गेला बॉल.

अमीन: बघितली. तेव्हा दोन डोळे होते मला.

धनंजय: आकड्यांनी बोलायचं तर निर्णय चुकलाच, अमीनभाई. सुफियानने या सीझनमध्ये शेवटची ओव्हर चार वेळा टाकली. सरासरी चौदा रन. तानाजीची साडेसहा. माझ्या स्कोअरशीटमध्ये...

अमीन: तुझी शीट घाल चुलीत.

तानाजी: का? ऐका की! त्याच्या कागदात बी लिवलंय!

धनंजय: म्हणून स्टम्प नसतो मारायचा! मॅनेजरचं पटलं नाही तर ग्रुपवर लिहायचं, मीटिंग बोलवायची...

तानाजी: ग्रुपवर? ग्रुपवर मला काय म्हनत्यात ठावं हाय न्हवं तुला? 'चाळीस.' ए चाळीस, थर्डमॅनला जा. ए चाळीस, पान्याची बाटली टाक. आख्खा सीझन. लिलावात सुफियान तीनशे पॉइंटाला गेला, त्यो अजिंक्य अडीचशेला, आन् मी चाळीसला. चाळीसच्या खाली आकडाच न्हवता, न्हाईतर तितं बी गेलो असतो.

अमीन: पॉइंट हायत ते. पैसे नाय.

तानाजी: पैसे असतं तर येवढं झोंबलं नसतं.

धनंजय: तानाजी, स्पीड बघ. पुढे चढ आहे, मग तो बौशरचा उतार. कॅमेरे आहेत.

तानाजी: कॅमेऱ्याचं काय घिऊन बसलाईस? सीटवर रगात हाय त्यांचं. उद्या कंपनीत व्हॅन लावली की खलास माझं.

धनंजय: उद्याचं कशाला, आजचंच बोल. कॅज्युअल्टीच्या दारात पोलीस असतो. मारामारी म्हटली की ते पहिला कागद त्याच्याकडे देतात. अमीनभाईंनी एक शब्द उच्चारला की तू आत. मग केस, मग व्हिसा, मग एअरपोर्ट. मंगलावहिनींना काय सांगणार आहेस गावी? पोरीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे ना?

तानाजी: आकांक्षाचं नाव घिऊ नगंस.

धनंजय: अमीनभाई, मी काय म्हणतो, सांगू या की बॉल लागला. सीझन बॉल आहे, लागतो की. कुणाला संशय येणार नाही.

अमीन: मी खोटं बोलणार नाय.

धनंजय: अहो पण...

अमीन: जुमा हाय आज. दीड तासानं मशिदीत उभा राहिलो असतो. आज मी खोटं बोलणार नाय. विचारतील ते सांगेन.

तानाजी: सांगा. मी बी काय पाया पडनार न्हाई.

अमीन: पड कोणी म्हटलंय?

धनंजय: सुफियानचा फोन येतोय. पाचव्यांदा.

अमीन: दे इकडं. कानाला लाव, त्या नाय, उजव्या. हां, सुफियान. जिता हाय... नाय, त्याच्याच गाडीत... अरे मीच बसलो, मला कोणी उचलून नेलं नाय... पोलीस ठाण्यात नाय, हॉस्पिटलात... तू मागं येऊ नको. ऐक. बॅट खाली ठेव. मी सांगतोय ना, बॅट ठेव! हॅलो? ठेवला गाढवानं.

तानाजी: काय म्हनतुया?

अमीन: पिकअप घेऊन मागं हाय. पाच जण. आधी तुझे दोन्ही हात तोडणार, मग पोलिसात देणार.

तानाजी: येऊ दे. मगाशी खाली पाडून बरगडीत लाथा घातल्या पाचजनांनी. समोरनं एक बी आला न्हाई. स्टिअरिंग वळवतुया तर कळ येती मस्तकापातुर.

धनंजय: तरी अमीनभाईंनी ओरडून थांबवलं त्यांना. रक्त गळत होतं तोंडातून आणि ओरडत होते, सोडा त्याला, हाच नेल मला.

तानाजी: त्येच मला कळत न्हाई. सुफियानची गाडी हुती, ह्या धनंजयची हुती. माझ्याच गाडीत का बसला तुमी?

अमीन: तुझी गेटाजवळ होती.

तानाजी: तेवढंच?

अमीन: दात हलतायत माझे. जास्त बोलायला लावू नको.

तानाजी: बोलू नगा. ऐका निस्तं. तुमचाच आवाज ऐका. धनंजय, ह्यो मोबाइल धर, वरचंच हाय, दाब.

धनंजय: आत्ता नको ना, तानाजी. त्यांची अवस्था बघ.

तानाजी: दाब म्हनतुया!

धनंजय: मी नाही दाबणार.

तानाजी: मग मी दाबतो.

धनंजय: समोर बघ! ट्रक आहे, तानाजी, ट्रक!

मोबाइलमधला अमीन: अस्सलामु अलैकुम, सगळ्या मॅनेजर लोकांना. तान्याचं विचारत होता ना? तान्या संपला. खांदा गेलाय त्याचा. बोलिंग टाकतो का लग्नात अक्षता टाकतो, कळत नाय. फुकट दिला तरी घेऊ नका. मी पण नाय घेणार.

तानाजी: आवाज तुमचा हाय का न्हाई?

अमीन: माझाच हाय.

तानाजी: सकाळी टॉसच्या टायमाला आला ह्यो माझ्या मोबाइलवर. तरी मी टाकली. तीन ओव्हर टाकल्या, तीन विकेटी काढल्या. मनात म्हनलं, शेवटची ओव्हर दितील, तवा बगू कोन संपलंय. आन् तुमी सुफियानकडं बोट केलं. तवा मला कळलं, मनापासनं बोललाईसा तुमी. मग मी स्टम्प उपटला.

अमीन: कोणी पाठवला तुला हा?

तानाजी: ज्याच्या मांडीवर डोस्कं ठिवलंय तुमी, त्यानं.

धनंजय: अमीनभाई, मी सांगतो. ऐका. मी...

अमीन: तू पाठवलास?

धनंजय: मला वाटलं, खेळाडूला माहिती असावी, पेटून टाकेल आज. पारदर्शकता म्हणून एक...

अमीन: मग सगळी माहिती दिलीस का? का अर्धीच?

तानाजी: आजून काय हाय?

अमीन: सांग त्याला. बाकीचं सांग.

धनंजय: ही वेळ नाही.

अमीन: माझा एक डोळा गेलाय, दुसरा गेल्यावर सांगशील?

धनंजय: तानाजी, हे बघ. लिलावाच्या आधी सगळेच मॅनेजर हे करतात. जो खेळाडू आपल्याला हवा असतो, त्याला नावं ठेवायची. म्हणजे दुसरे बोली लावत नाहीत आणि तो स्वस्तात आपल्याकडे येतो. अरमानशेटने गेल्या वर्षी स्वतःच्या विकेटकीपरला मधुमेह आहे म्हणून उठवलं होतं. धडधाकट आहे तो.

तानाजी: माझ्याबद्दल बी उठीवलं?

धनंजय: तुझ्यावर दोन टीम डोळा ठेवून होत्या. तू गेला असतास अमीनभाईंच्या हातातून. म्हणून तो व्हॉइस मेसेज. मीच टाकला मॅनेजरांच्या ग्रुपवर, त्यांनी सांगितलं म्हणून.

तानाजी: आन् लोकांनी इस्वास ठिवला? मागच्या सीझनला बावीस विकेटी हुत्या माझ्या. तुझ्या रँकिंगमधी सगळ्यांनी बगितलं असंल की. एकतिसावा नंबर दिलास मला, तवाच म्हनलं बावीस विकेटीला एकतिसावा कसा...

अमीन: हां. आता सांग नंबर.

धनंजय: रँकिंग मी लिलावाच्या आदल्या दिवशी लावलं.

अमीन: नंबर सांग.

धनंजय: एकतिसावा नव्हतास तू. मी बदलला. म्हणजे... चौथा होतास. सगळ्या लीगमध्ये. दहा टीमच्या सगळ्या बोलरांमध्ये चौथा.

तानाजी: काय म्हनलास?

धनंजय: मलाही कप हवा होता रे! नऊ वर्षं नुसता स्कोअर लिहितोय मी. एकदा आपली टीम फायनलला जावी म्हणून एक आकडा इकडचा तिकडे... तानाजी, ब्रेक! उतार आहे हा! तानाजी!

अमीन: या अल्ला! माझं डोकं!

धनंजय: इथे थांबवू नकोस, मागून गाड्या येतायत. दार का उघडतोयस? तानाजी, नाही, ऐक... आई गं! सोड! गळा सोड!

तानाजी: चौथा! मी चौथा हुतो, आन् सात म्हैने मला चाळीस म्हनत्यात, आन् तू त्यांच्यासंगट हासतुयास! सकाळी अर्दंच का धाडलंस? नंबर का न्हाई धाडलास त्याच्यासंगट? बोल!

धनंजय: नंबर... पाठवला असता... तर माझं नाव आलं असतं...

तानाजी: म्हनून म्या त्यांचा डोळा फोडला! तुझ्या नावापायी! तुला हितनं खाली टाकतो, थांब. रेलिंगवरनं टाकतो!

धनंजय: अमीनभाई! सांगा ना याला!

अमीन: तान्या, सोड त्याला.

तानाजी: मधी पडू नगा तुमी!

अमीन: सोड म्हटलं. आज एकाचा डोळा गेला, बस झाला. त्याला मारून तुझा नंबर परत येणार हाय?

तानाजी: तुमी बी त्यातलंच. तुमीच करायला लावलंत. आन् सगळा सीझन माझ्या नावानं चाळीस चाळीस वरडत्यात, तर एक दिस तरी म्हनलात का, ए, गप बसा?

अमीन: नाय म्हटलं.

तानाजी: का न्हाई?

अमीन: म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं मी खोटं बोललो होतो. पुढच्या लिलावात तू गेला असतास. मी गप बसलो. माझी चूक ती. स्टम्प मारलास तो त्याच्यासाठी मारला असतास तर मी काय बोललो नसतो.

धनंजय: पिकअप... पिकअप आली. अमीनभाई, ती बघा, आपल्या मागेच लागतेय. उतरतायत ते. बॅटी आहेत हातात.

तानाजी: येऊ दे. स्टम्प हाय मागं?

अमीन: स्टम्पला हात लावायचा नाय! बस आत. काच खाली कर माझ्याकडची, धनंजय. सुफियान! जवळ ये. बाकीचे तिथंच उभे राहा. नाय, तूच ये... हां, बघ नीट. बघितलंस तोंड? आता ऐक. हा मार कशापायी खाल्ला मी, माहीत हाय तुला? तुझी आई दोन दिवस माझा मगज खात होती. मुलीचा बाप मॅच बघायला येणार, शेवटची ओव्हर माझ्या पोराला दे, नजरेत भरेल. सख्खी बहीण माझी, सफूरा, रडली फोनवर. मी दिली... गप बस, अजून संपलं नाय. ज्याची ओव्हर होती त्याला उभा ठेवून तुला दिली. तुझ्या सासऱ्यानं सिक्स बघितली आणि मी स्टम्प बघितला. आता बॅट आत टाक आणि घरी जा... नाय, तू हॉस्पिटलात यायचं नाय. तू आलास की पोलिसासमोर तोंड उघडणार. यल्ला, जा. मामूचं ऐकतोस का नाय?

धनंजय: जातोय. बॅट आपटली बॉनेटवर, पण जातोय.

अमीन: तान्या, बस गाडीत. धनंजयला पण घे.

धनंजय: मी... मी मागेच बसतो. गळा सुजलाय माझा.

अमीन: बस. मांडी दे इकडं.

तानाजी: म्हंजे माझी ओव्हर सोयरिकीत गेली?

अमीन: गेली.

तानाजी: खांदा बघून न्हाई दिली असं न्हवं?

अमीन: गाडी चालव. मान भिजली माझी.

तानाजी: अमीनभाई, येकदा सांगा. पोलिसाला काय सांगायचं ते सांगा, तुरुंगात घाला, मी तयार हाय. माझं चुकलंय. पन मला येकदा तुमच्या तोंडानं सांगा, मी संपलोय का न्हाई?

अमीन: तोंड ठेवलंयस कुठं तू?

तानाजी: हो का न्हाई, येवढंच.

अमीन: गरगरतंय रं मला...

धनंजय: अमीनभाई? अमीनभाई, डोळे मिटू नका. म्हणजे उजवा. उजवा मिटू नका. तानाजी, पळव गाडी! आता मी म्हणतोय, पळव!

(हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तानाजी व्हॅनच्या पायरीवर बसून होता. धनंजय अमीनभाईंना स्ट्रेचरवरून आत घेऊन गेला त्याला पाऊण तास झाला. पळून जावं असं तानाजीला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्याने किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली. कुठे पळणार, खिशात रुवी भागातल्या खोलीची चावी आणि अर्धी बिडी, पासपोर्ट कंपनीत. बोटांमधलं रक्त वाळून काळं पडलं होतं. ते त्याचं नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. काचेचं दार सरकलं की तो उठून उभा राहायचा, गणवेशवाला नाही असं बघून पुन्हा बसायचा. शेवटी दारातून आला तो धनंजय.)

तानाजी: डोळा?

धनंजय: ऑपरेशनला घेतायत.

तानाजी: वाचंल?

धनंजय: वाचेल असं कुणी म्हणालं नाही.

तानाजी: खरं सांग.

धनंजय: खरंच सांगतोय. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. उजेडही कळला नाही त्या डोळ्याला. सही घेतली माझी. शहनाजभाभी निघाल्यात घरून.

तानाजी: आन् पोलीस?

धनंजय: होता. टेबलापाशीच उभा होता.

तानाजी: मग चल. तू पुढं हो, मी येतो. व्हॅनची किल्ली घे, कंपनीत दे. मंगलाला तूच फोन कर. पाय घसरून पडला, न्हाई... जाऊ दे, हाय ते सांग.

धनंजय: थांब रे. ऐकून तर घे. नर्सने विचारलं, कैसे हुआ. मीच बोलायला लागलो. त्यांनी माझा हात बाजूला सारला. म्हणाले, बॉल लगा.

तानाजी: बॉल?

धनंजय: हो.

तानाजी: आज? जुम्याच्या दिवशी?

धनंजय: जुम्याच्या दिवशी. नमाजाची अजान चालू होती बाहेर.

तानाजी: पोलिसानं मानलं?

धनंजय: कसलं मानतोय. जवळ आला, टॉवेल उचलून बघितलं. इंडियन नर्सला सांगितलं, विचार याला, बॉलने एवढं होतं? हाताने टाकलेल्या बॉलने? कुणाचा बॉल होता?

तानाजी: मग?

धनंजय: तुझं नाव सांगितलं त्यांनी. आख्खं, वडिलांच्या नावासकट. मला वाटलं, संपलं सगळं.

तानाजी: फुडं सांग की.

धनंजय: दात हलत होते, शब्द धड निघत नव्हता. तरी नर्सचा हात धरून म्हणाले, इसको बताओ, मेरा सबसे फास्ट बोलर है. अच्छे अच्छे को बॉल दिखता नहीं उसका. मैं तो बूढ़ा आदमी.

तानाजी: सबसे फास्ट म्हनले?

धनंजय: पोलिसाने लिहून घेतलं. खेळताना इजा. आता तुला आत बोलावलंय, एक सही लागेल. तानाजी? चल ना.

तानाजी: पान्याची बाटली टाक इकडं. आदी हात धुतो.